कोलकात्यातला वैशाख

3 एप्रिल

नागपूरच्या उन्हाळ्यात सावलीला गेलं की सुटका होते. कोलकात्यात सावलीचा तसा उपयोग नाही. पारा 36च्या आसपास असतो. नागपूरला आमच्या महाल वस्तीत एप्रिलमध्ये एवढ्यावर थांबला तर लोक खूश होतील. पण बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा अंगावरचा घाम वाळूच देत नाही. म्हणून आमच्याकडे घरोघरी खिडकीला लागणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथे जवळजवळ दिसत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा कूलरची हवा गार होते. हवेतच पाणी भरलेलं असेल तर तो नुसती खोली ओली करतो. इथल्या लोकांनी उन्हाळ्याला दिलेलं उत्तर निराळं आहे. बाजारहाट सकाळी सातच्या आत. दुपारी हिरव्या झडपांच्या खिडक्या मिटायच्या आणि पंख्याखाली पडायचं. खरा दिवस संध्याकाळी सहानंतर, दक्षिणेचा वारा सुटला की सुरू होतो.

बदली होऊन भवानीपूरला राहायला आले तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या आजी माझ्यावर लक्ष ठेवून असतात. मी त्यांना माशीमा म्हणते. काल म्हणाल्या, "या दिवसांत घरात बसून राहिलीस तर हे शहर तुला कळायचं नाही. पहाटे निघ, नाहीतर सांजेला निघ. दुपार देवाला सोडून दे."

आज पहाटे साडेपाचला रवींद्र सरोवरावर गेले. 1920च्या दशकात शहर दक्षिणेकडे वाढवताना इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दलदल उपसून हे तळं केलं. जुनी माणसं अजून त्याला ढाकुरियाचं लेकच म्हणतात. पाण्यावर मुलं-मुली लांब, अरुंद नावा वल्हवत होती. त्यांचा सराव ऊन चढायच्या आत आटोपतो. काठावर एका झाडाखाली पंचाहत्तरीच्या पुढचे गृहस्थ मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते आणि चौघे ऐकत होते. मधेच एकाचं मत पडे, वाचन थांबे, वाद होई, पुन्हा वाचन सुरू. उन्हाळ्याच्या पहाटे माणसं एकमेकांसाठी इतका वेळ काढतात, हे मला या शहराचं सगळ्यात आवडलेलं आहे.

7 एप्रिल, रात्री

ऑफिसातून थेट प्रिन्सेप घाट. हुगळीच्या काठाकाठाने चक्ररेल धावते, तिचं स्टेशन घाटाला लागूनच आहे. पांढऱ्या खांबांची ती वास्तू 1840च्या दशकात जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ उभारली. ब्राह्मी लिपी उलगडून अशोकाचे शिलालेख वाचणारा तो हाच; इथल्या टाकसाळीत सोन्याचांदीचा कस पाहण्याचं काम करायचा. मागे विद्यासागर सेतूच्या तारा, खाली भाड्याच्या नावा, आणि काठावर अख्खं शहर वारा खायला आलेलं. झालमुडीवाल्याने डब्यात मुरमुरे, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप घालून मोहरीचं कच्चं तेल सोडलं, तो वास नागपूरच्या नाकाला सुरुवातीला तिखट लागतो. आता आवडू लागलाय.

आजची तारीख मुद्दाम धरली होती. 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई जोशी कोलकात्याहून याच नदीने अमेरिकेला निघाल्या. वयाची अठरा वर्षं पूर्ण होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. गोपाळराव मागे राहिले, सोबत मिशनरी बायका. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे एप्रिल आणि मे, हे दोन्ही महिने बोटीवर.

कल्याणची मुलगी मुंबई सोडून कोलकात्याहून का निघाली, याचं कारण अगदी साधं आहे: नवऱ्याची टपाल खात्यातली नोकरी. बदल्या होत होत गोपाळराव बंगालात आले, आणि निघण्याआधीचा त्यांचा मुक्काम नदीच्या वरच्या अंगाला श्रीरामपूरला होता. आपल्याकडे आनंदीबाईंची गोष्ट कल्याण, अलिबाग, फिलाडेल्फिया अशी सांगतात. मधला बंगाल गळून पडतो. बदलीच्या नोकरीमुळे बंगालात आलेली मराठी बाई म्हणून मला तर तो मधला भागच जवळचा वाटतो. श्रीरामपूरला जायचंच.

12 एप्रिल

जतीन दास पार्कला मेट्रो धरून श्यामबाजार, तिथून पायी बागबाजार. देशातली पहिली भुयारी रेल्वे 1984 साली याच भवानीपूर ते एस्प्लनेड टापूत सुरू झाली, त्यामुळे आमच्या पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांना मेट्रोचा घरच्यासारखा अभिमान आहे.

बागबाजारात मला एक गल्ली पाहायची होती. तिचं नाव मराठा डिच लेन. दोन्ही बाजूंना जुनी घरं, वाळत घातलेले कपडे, नळावर भांडी. पाहण्यासारखं म्हणाल तर एवढंच. पण या नावामागे माझ्या गावाचा इतिहास आहे. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर 1742 साली बंगालवर चालून आले. कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून नवाब अलिवर्दी खानाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, काम अर्धवट राहिलं. पुढे 1799 साली खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज ज्या आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र रस्त्यांवरून बसगाड्या धावतात, तो बराचसा आमच्या भीतीने खणलेल्या खड्ड्याचा मार्ग आहे.

गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या रोआकावर, म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या ओट्यावर, तिघे म्हातारे बसले होते. मी पाटी न्याहाळते आहे हे पाहून एकाने विचारलं, कुठल्या? नागपूर म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. "म्हणजे भोसल्यांच्या गावच्या! या, बसा." मातीच्या भाँडातून चहा आला. त्यांच्या आजीने त्यांना झोपवताना म्हटलेलं गाणं बर्गींचं, म्हणजे मराठा स्वारांचं, होतं, त्यांच्या आईनेही नातवंडांना तेच म्हटलं. पिकं पाखरांनी खाल्ली, आता बर्गींना खंडणी कुठून द्यायची, असा त्या अंगाईचा आशय. "आम्ही तुम्हाला पाळण्यात असल्यापासून ओळखतो," असं म्हणून त्यांनी माझ्या पुढ्यात बिस्किटं ठेवली.

मी त्यांच्या आदराने भारावले आणि अस्वस्थही झाले. 1742 ते 1751 ही नऊ वर्षं पश्चिम बंगालच्या खेड्यांनी काय सोसलं, ते गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात लिहून ठेवलं आहे. काव्याचं नाव 'महाराष्ट्रपुराण'. गावं जाळणं, बायकांची विटंबना, पैशांसाठी माणसांचा छळ, सगळं त्यात आहे. 1744 साली अलिवर्दीने भास्कररामांना तहाच्या बोलणीसाठी मानकरा इथल्या छावणीत बोलावून ठार मारलं, हा दगाफटका आपण आवर्जून सांगतो. आणि 1751च्या तहात ओरिसा व वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली, हेही. शेतकऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं ते काव्य मात्र मराठी माणूस क्वचितच वाचतो. वाचलं पाहिजे. नागपूरकरांनी तर नक्की.

15 एप्रिल, पोइला बैशाख

बंगाली नववर्ष. कालपर्यंत गडियाहाटच्या पदपथावर चैत्र सेलची इतकी गर्दी की चालता येत नव्हतं. आज पहाटेपासून कालीघाटला दुकानदार लाल कापडात गुंडाळलेल्या नव्या चोपड्या पूजेला घेऊन उभे. या चोपडीला हालखाता म्हणतात. संध्याकाळी दुकानात गेलं की गिऱ्हाइकाला मिठाईचा डबा आणि नवं कॅलेंडर मिळतं.

कॉलेज स्ट्रीटवर हीच रीत पुस्तकांच्या दुकानांत पाळतात. आज प्रकाशक लेखकांना बोलावतात, वाचकही जातात, शहाळं फोडून हातात देतात. मराठी प्रकाशकांनी गुढीपाडव्याला असं काही सुरू करावं असं मला फार वाटलं. लेखक, छापणारा आणि वाचणारा, तिघं एका खोलीत घाम पुसत गप्पा मारताहेत, हे दृश्य माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

जुन्या पुस्तकांच्या एका टपरीवर 'देशेर कथा' मिळालं. आवृत्ती अलीकडची, पण हातात घेताना बरं वाटलं. लेखक सखाराम गणेश देउस्कर. घराणं मराठी, जन्म 1869 साली देवघरजवळच्या करौं गावी, आणि लेखन सगळं बंगालीत. परकी सत्ता देशाला कसं नागवते हे आकडेवारीनिशी सांगणारं त्यांचं हे पुस्तक 1904 साली आलं, स्वदेशीच्या चळवळीत घरोघरी वाचलं गेलं आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालात शिवाजी उत्सव रुजवण्याच्या धडपडीत देउस्कर पुढे होते. रवींद्रनाथांनी शिवाजीवर दीर्घ कविता लिहिली ती त्याच निमित्ताने. जून 1906मध्ये, म्हणजे उन्हाळा टिपेला पोचलेला असताना, लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे या उत्सवासाठी कोलकात्याला आले होते. ज्या प्रांताची अंगाई बर्गींच्या भीतीने भरलेली, त्याने दीडशे वर्षांनी शिवाजीचा उत्सव मांडला. हे घडवून आणायला दोन्ही घरचा माणूस लागला. देउस्करांचं नाव महाराष्ट्रात आज किती जण घेतात? बंगाली टपरीवाल्याला मात्र ते पाठ होतं.

येताना कॉफी हाउसमध्ये बसले. पूर्वीचा हा अल्बर्ट हॉल. छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांवर टांगलेले. वाढपी अजून पांढरा पोशाख आणि तुरेदार पागोटं घालतात. कॉफी साधारण, गप्पा उत्तम.

19 एप्रिल

कालबैशाखी पाहिली.

चार दिवस हवा नुसती कोंडली होती. साडेचारला वायव्येकडे शाईसारखा काळा पट्टा उठला. पाखरं गप्प झाली, मग धूळ, मग वारा. छोटा नागपूरच्या पठारावर दुपारी तापलेली हवा वर चढते, तिला समुद्राकडची दमट हवा मिळते आणि ढगांची फळी पूर्वेकडे धावत सुटते. वळवाचा पाऊस आपल्याकडेही येतो, पण त्याला इतकी घाई नसते. पाऊण तासात पारा दहा अंशांनी तरी उतरला असेल. माशीमा गच्चीवर वाळवण उचलायला धावल्या आणि वाळवण राहिलं बाजूला, दोघी तशाच भिजत उभ्या राहिलो. पाड्यातली पोरं पडलेल्या कैऱ्या गोळा करत होती. रात्री त्यांतल्याच दोन विस्तवावर भाजून माशीमांनी आम पोडार शरबत केलं. पन्ह्यात आपण कैरी उकडतो. भाजलेल्या कैरीला धुराचा वास येतो, आणि वर भाजलेल्या जिऱ्याची पूड.

पावसानंतर गार हवेत ट्रामने एस्प्लनेडला जाऊन आले. 24 फेब्रुवारी 1873 रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम इथे निघाली, 1902 साली ती विजेवर आली. मुंबईने आपली ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद केली; माझ्या पिढीला ती फोटोंतच ठाऊक. इथेही मार्ग एकेक करून मिटत गेले आणि आता थोडकेच उरलेत. ट्रामला धूर नाही, गडबड नाही, म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी पायरी. हा सगळा हिशेब ट्रामच्या बाजूचा असताना ती रस्ता अडवते म्हणून तिला काढायचं, हे मला पटत नाही. रस्ता मोटारी अडवतात.

3 मे

महाराष्ट्र दिनाच्या निमित्ताने परवा हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात गेले होते. तिथे एका कुटुंबाची ओळख झाली आणि त्यांच्या आग्रहावरून आज संध्याकाळी बहूबाजारात त्यांच्या पेढीवर. पेढी कसली, जिना चढून गेल्यावर दहा बाय बाराची खोली. काम गलाईचं.

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. सराफी पेठ मोठी असेल तिथे गलाईवाला मराठी माणूस बहुधा सापडतोच. कोलकात्यात सोनारांची मुख्य पेठ बहूबाजार, म्हणून ते इथे. जुने दागिने, घासकामातला चुरा, कारागिरांच्या खोलीतला केरसुद्धा त्यांच्याकडे येतो. मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, तेजाबात इतर धातू विरघळवायचे, आणि तळाशी उरलेलं शुद्ध सोनं पुन्हा आटवून लगड करायची.

मे महिन्याच्या या हवेत भट्टीसमोर बसलेला पंचविशीचा मुलगा बनियन पिळून काढत होता. "ताई, गावाकडं पाणी नव्हतं म्हणून आजोबा आले," तो म्हणाला. "इथं पाण्याला कमी नाही, पण गावच्या जत्रेला सगळे पोचतो." गिऱ्हाइकाशी अस्खलित बंगाली, भावाशी माणदेशी मराठी, बडाबाजारच्या व्यापाऱ्याशी हिंदी. कोलकात्यातल्या मराठी माणसांविषयी लिहिताना लोक साहेबी नोकऱ्या आणि गणेशोत्सव यांच्याबद्दल लिहितात. बहूबाजारच्या या जिन्यांवर चढून कुणीतरी या लोकांची हकीकत नीट लिहून घ्यायला हवी. आजोबांची पिढी आता थोडी उरली आहे.

9 मे, पंचविशे बैशाख

रवींद्रनाथांची जयंती. साडेपाचला जोडासाँकोच्या ठाकुरबाडीत, म्हणजे त्यांच्या घरी, पोचले तर अंगण भरून गेलेलं. गजरे माळलेल्या बायका, पांढरे झब्बे, आणि एकामागून एक गाणी. आमंत्रण नाही, तिकीट नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या फुलवालीला प्रत्येक गाणं येत होतं. कवीला त्याच्या गावाने इतकं रोजच्या जगण्यात ठेवलेलं मी इतरत्र पाहिलेलं नाही. तुकोबांना आपण ठेवलं आहे, ते मात्र त्याच तोलाचं.

तुकोबा आठवले त्याला कारण आहे. रवींद्रनाथांचे एक मोठे भाऊ सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि 1897 साली साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी मुंबईला राहिल्या आणि तिथे पाहिलेली साडी नेसण्याची पद्धत स्वतःच्या फेरफारांसह या घरात घेऊन आल्या. बंगाली बायकांना घराबाहेर पडता येईल असा पोशाख त्यातून घडला. दुसरे भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांनी टिळकांचं 'गीतारहस्य' बंगालीत आणलं. आणि स्वतः रवींद्रनाथ सतराव्या वर्षी विलायतेला जाण्याआधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले, त्यांच्या मुलीकडून, अन्नपूर्णेकडून, इंग्रजी बोलणं शिकायला. ते डॉक्टर प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक.

वर्दळ ओसरल्यावर वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत गेले जिथे 7 ऑगस्ट 1941 रोजी रवींद्रनाथ गेले. लोक चप्पल बाहेर काढून आत जातात. बाहेर आले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि ऊन असह्य झालं होतं. वाटेत आठवलं, पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनला येऊन राहिले आणि 'वंगचित्रे' लिहून गेले. घरी येऊन माशीमांना म्हटलं, मलाही लिपी शिकवा. उद्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास.

18 मे

आई गीतांजली एक्स्प्रेसने आली आहे. 1977 साली मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी निघाली तेव्हा तिला वर्गच नव्हते, सगळे प्रवासी सारख्या डब्यात. आई तिच्याविषयी अजून कौतुकाने बोलते. बाजारात हिमसागर आंबे आलेत, ते तिला हापूसपेक्षा गोड लागले. हे कोकणातल्या मावशीला कळवायचं नाही असं ठरलं आहे.

आज दोघी श्रीरामपूरला गेलो. पहाटे हावड्याहून लोकल; बंडेलकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर वीसेक किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. 15 ऑगस्ट 1854 रोजी पूर्व भारतातली पहिली रेल्वे हावड्याहून हुगळीला गेली ती याच मार्गाने.

श्रीरामपूर 1755 ते 1845 डेन्मार्कच्या ताब्यात होतं. नदीकाठचं संत ओलाव चर्च त्यांच्या वेळचं, आता नीट दुरुस्त केलेलं; दर्शनी भागावर डॅनिश राजाची मुद्रा अजून आहे. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हतं, म्हणून विल्यम केरी आणि त्याचे सोबती 1800 साली या डॅनिश गावात आले आणि इथे त्यांनी छापखाना घातला. तो छापखाना मराठी माणसाने विसरू नये असा आहे. केरीने मराठीचं व्याकरण 1805 साली इथे छापलं, ते देवनागरीत. 1810 साली मराठी-इंग्रजी कोश, तो मोडी लिपीत. मोडीचे खिळे पाडणारे हात बंगाली लोहारांचे होते: पंचानन कर्मकारने सुरू केलेली खिळे कोरण्याची परंपरा त्याचा जावई मनोहर याने पुढे नेली. फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने 1814 साली 'सिंहासनबत्तिशी' निघाली, 1815 साली 'हितोपदेश'. त्याच सुमारास नागपूरकर भोसल्यांची वंशावळीही छापली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापलेलं पहिलं पंचांग 1831चं, म्हणजे या सगळ्यानंतरचं. हे आकडे मी आईला सांगत होते तेव्हा ती मधेच म्हणाली, "म्हणजे ज्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांचीच वंशावळ यांनी छापली?" होय, तसंच.

मग कॉलेज. 1818 साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी काढलेलं. नदीकडे तोंड करून उभी असलेली उंच खांबांची इमारत, समोर हिरवळ. पलीकडच्या काठावर बराकपूर. सकाळचे साडेसात झाले होते, वारा होता.

24 फेब्रुवारी 1883 रोजी या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केलं. वय सतरा. भाषा इंग्रजी. समोर बंगाली आणि युरोपीय श्रोते. लोक जे प्रश्न विचारत तेच त्यांनी स्वतःला घालून घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं: अमेरिकेलाच का जायचं, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकटीच का, जातीबाहेर टाकतील त्याचं काय, परदेशात संकट आलं तर, आणि आजवर कुणा बाईने केलं नाही ते मीच का करावं. रस्त्यातून जाताना लोक कसे भोवती जमत, हसत, खडे मारत, तेही त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं. आणि धर्म न सोडता जाईन, तशीच परत येईन, असं मिशनऱ्यांच्या कॉलेजात सांगितलं.

कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून त्या भाषणाचा मराठी मजकूर मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. आईने पस्तीस वर्षं नागपूरला शाळेत शिकवलं. ती म्हणाली, "मी दरवर्षी पोरींना आनंदीबाईंचा धडा शिकवला. त्या गेल्या, डॉक्टर झाल्या, वारल्या. पण जायच्या आधी त्यांनी सगळ्यांना असं समोरासमोर उत्तर दिलं होतं, हे धड्यात नव्हतं." 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. श्रीरामपूरच्या भाषणाला चार वर्षं आणि दोन दिवस.

साडेनऊच्या लोकलने परत. दुपारी दोघी पंख्याखाली झोपलो.

महाराष्ट्रातून कोलकात्याला येणाऱ्यांची यादी ठरलेली असते: कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर, व्हिक्टोरिया, आणि परतीला मिठाई. माझी विनंती आहे की त्या यादीत अर्धा दिवस श्रीरामपूरसाठी राखा. हावड्याहून पहाटेची लोकल धरा, येताना आनंदीबाईंचं ते भाषण छापून बरोबर आणा, आणि बरोबर मुलगी असेल तर तिच्याकडून ते तिथे वाचून घ्या. शाळांतल्या शिक्षकांनी दर 24 फेब्रुवारीला ते वर्गात वाचावं. वाचायला अर्धा तास पुरतो.